दोन मंत्रांच्या अंतरावर

आमच्या घरात संस्कृत आलं ते मार्कांसाठी. आठवीला हिंदी घ्यायचं की संस्कृत, असा प्रश्न होता. नगरच्या आमच्या शाळेत ‘संस्कृत स्कोअरिंग आहे’ हे सगळ्यांनाच पाठ होतं. अब्बांनी फॉर्मवर सही करताना फक्त विचारलं, ‘शंभरातले किती पडतात?’ मी म्हटलं, पंच्याण्णवच्या वर. झालं. शेख आडनावाची मुलगी संस्कृत घेते म्हणून कुणी कौतुक केलं नाही की कुणी भुवया उंचावल्या नाहीत. हल्ली अशा मुलींच्या बातम्या होतात, त्या वाचल्या की मला उगाच अवघडायला होतं. आम्ही दोघी-तिघी होतो आणि आमची बातमी कुणी केली नाही, हे बरंच झालं.

पाठांतर मी मोठ्याने करायची. एकदा ‘ईशा वास्यमिदं सर्वं यत्किञ्च जगत्यां जगत्’ चाललं होतं आणि दादी परातीत तांदूळ निवडत बसली होती. खडे वेचता वेचता म्हणाली, ‘मतलब क्या है इसका?’ मी पुस्तकातला अर्थ सांगितला. या हलत्या जगात जे जे म्हणून आहे ते सगळं ईशाने व्यापलेलं आहे. दादीने मान वर न करता म्हटलं, ‘हौ तो. पूरब बी उसकाच, पच्छिम बी उसकाच.’ आणि पुढचा खडा उचलला. ते सूरह बकरामधलं वाक्य होतं, पूर्व आणि पश्चिम अल्लाहचीच, तुम्ही जिकडे तोंड कराल तिकडे त्याचाच चेहरा, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. दादीला अरबीचा अर्थ येत नव्हता, संस्कृत तर नाहीच. कुठल्या तरी वाजमध्ये, म्हणजे प्रवचनात, ऐकलेलं तिच्या कानात राहिलं असणार.

हे सगळं परत आठवायचं कारण मामेभावाने मध्यंतरी पाठवलेली एक यादी. ‘हिंदू ग्रंथांतसुद्धा तौहीदच आहे’ असं शीर्षक (तौहीद म्हणजे देव एकच, हे मानणं), खाली आठ-दहा वचनं, अध्याय-मंत्रांच्या क्रमांकांसकट. अशा याद्या मुसलमानांच्या ग्रुपवर फिरतात तशा उलट दिशेच्याही फिरतात. माझ्या एका मैत्रिणीच्या ग्रुपवर ‘सगळं आमच्या वेदांत आधीच होतं’ ही यादी असते, आणि गंमत म्हणजे दोन्ही याद्यांतली निम्मी वचनं तीच असतात. ‘एकमेवाद्वितीयम्’ असतं छांदोग्यातलं. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं ‘एकं सद्विप्रा बहुधा वदन्ति’ असतं. श्वेताश्वतरातलं ‘एको देवः सर्वभूतेषु गूढः’ असतं. आणि एक हुकमी पत्ता दोघांकडेही असतो: यजुर्वेद, अध्याय 32, मंत्र 3. ‘न तस्य प्रतिमा अस्ति.’ भावाने कंसात लिहिलं होतं, ‘त्याची मूर्ती नाही. अब बोलो!’

बोलणार काय? मी कपाटावरून जुनं पुस्तक काढलं.

पहिला घोळ ‘प्रतिमा’ या शब्दाचा. आजच्या मराठीत प्रतिमा म्हणजे मूर्ती, तसबीर, नाहीतर नेत्याची जपायची ती. पण या शब्दाच्या पोटात ‘मा’ हा मोजण्याचा धातू आहे. प्रमाण, परिमाण, उपमा ही सगळी त्याचीच पिल्लं. वेदांच्या काळातल्या संस्कृतात प्रतिमा म्हणजे ज्याच्याशेजारी ठेवून एखादी गोष्ट मोजावी ते, तोडीचं काही. यजुर्वेदाचा जुना भाष्यकार महीधर, त्यानेही आपल्या भाष्यात इथे प्रतिमानं, उपमानं असाच अर्थ लावला आहे. मंत्राचा पुढचा भागही तेच सांगतो: ‘यस्य नाम महद्यशः’, ज्याचं नावच मोठं यश आहे. म्हणजे मंत्र मूर्ती करू नका असं सांगतच नाही. त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही, एवढंच तो म्हणतो.

वादात हा पत्ता बाद झाला. पण मी तिथेच थबकले, कारण हे वाक्य मी दिवसातून कितीतरी वेळा अरबीत म्हणते. सूरह इख्लास, कुरआनातली इनमिन चार आयतांची सूरह, आमच्याकडे पोरं बोलायला लागली की शिकतात. ‘कुल हुवल्लाहु अहद’, सांग, तो अल्लाह एक आहे. ‘अल्लाहुस्समद’, तो कुणावर अवलंबून नाही, सगळे त्याच्यावर अवलंबून. ‘लम यलिद व लम यूलद’, त्याने कुणाला जन्म दिला नाही, त्याला कुणी जन्म दिला नाही. आणि शेवटी ‘व लम यकुल्लहू कुफुवन अहद’, त्याच्या बरोबरीचं कुणीच नाही. कुफू म्हणजे तोडीचा. आमच्यात स्थळ बघतानाही हाच शब्द येतो, कुफू जुळतं का. त्याचं कुफू नाही, त्याची प्रतिमा नाही. भावाने चुकीचा अर्थ घेऊन जे जवळचं समजलं, ते बरोबर अर्थ घेतल्यावर अजून जवळ आलं.

इथे थांबले असते तर एक छान फॉरवर्ड मीही तयार केला असता. पण पान उघडंच होतं आणि मंत्र 3 च्या आधी, साहजिकच, मंत्र 1 होता.

‘तदेवाग्निस्तदादित्यस्तद्वायुस्तदु चन्द्रमाः।’ तेच अग्नी, तेच सूर्य, तेच वायू, तेच चंद्र. तेच ब्रह्म, तेच पाणी, तोच प्रजापती.

मुसलमानाच्या कानाला हे वाक्य कसं लागतं ते सांगायला हवं. कुरआनात हजरत इब्राहिमची गोष्ट आहे. रात्र झाली, त्यांनी तारा पाहिला, म्हणाले, हा माझा रब. तारा मावळला तेव्हा म्हणाले, मावळणारे मला आवडत नाहीत. मग चंद्र, तोही गेला. मग सूर्य, सगळ्यांत मोठा, संध्याकाळी तोही गेला. तेव्हा ते म्हणाले, ज्याने आकाश आणि जमीन केली त्याच्याकडे मी तोंड वळवतो. ही गोष्ट मी अम्मीच्या मांडीवर ऐकली आहे. दुसऱ्या एका सूरहमध्ये सरळ हुकूमच आहे: सूर्याला सजदा करू नका, चंद्राला करू नका, ज्याने ते घडवले त्याला करा.

म्हणजे 32व्या अध्यायात दोन मंत्रांच्या अंतराने माझ्या अगदी जवळचंही वाक्य आहे आणि अगदी लांबचंही. यादी करणाऱ्यांनी तिसरा मंत्र उचलला आणि पहिला ठेवून दिला. मधला दुसरा मंत्र तर कुणाच्याच यादीत मी पाहिला नाही, आणि तो किती सुंदर आहे! त्याला कुणी वरून धरलं नाही, आडवं धरलं नाही, मध्ये धरलं नाही. कुरआन म्हणतं, नजरा त्याला गाठू शकत नाहीत, तो नजरांना गाठतो.

मला वाटतं, सगळं भांडण एका क्रियापदाचं आहे. ‘एक’ या शब्दावर दोघांचं कधीच बिनसलं नाही. वेद म्हणतो, तो हे सगळं *आहे*. कुरआन म्हणतं, त्याने हे सगळं *केलं*. खालिक आणि मख्लूक, घडवणारा आणि घडलेलं, यांच्यामधली रेघ इस्लाममध्ये पुसता येत नाही. शिर्क म्हणजे दोन देव मानणं, असा एक बाळबोध समज असतो. मक्केचे मूर्तिपूजकसुद्धा आकाश-जमीन कुणी केली विचारलं तर अल्लाहनेच म्हणायचे, असं कुरआनच सांगतं. त्यांचा गुन्हा वेगळा होता: घडवणाऱ्याचा वाटा घडलेल्याला देणं. उपनिषदाला तो वाटा देणंघेणंच पटत नाही, कारण तिथे दुसरा कुणी नाहीच, द्यायचं कुणाला?

आणि ऋग्वेदातलं नासदीय सूक्त! ते वाचताना तर मला दरवेळी धाप लागते. सृष्टीच्या आधी काय होतं, असत् नव्हतं, सत् नव्हतं, असं म्हणत म्हणत ऋषी शेवटी पोचतो: परम आकाशात जो याचा अध्यक्ष आहे, त्याला हे माहीत असेल. ‘यदि वा न वेद.’ किंवा त्यालाही माहीत नसेल. हे शेवटचे चार शब्द मुसलमानाच्या तोंडून निघूच शकत नाहीत. ‘झाडाचं पानसुद्धा त्याला ठाऊक असल्याशिवाय गळत नाही’ या वाक्यावर मी वाढलेली. तरी त्या ऋषीच्या धिटाईला मनातल्या मनात सलाम केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. अल्लाह माफ करो.

या वाटेने आधी गेलेले लोक शोधले, तर सगळ्यांत पहिला भेटतो तो अल्-बिरूनी. साधारण 1030 साली त्याने हिंदुस्थानावर अरबीत मोठा ग्रंथ लिहिला. महमूद गझनवीच्या दरबारातला माणूस, आणि महमूदाच्या स्वाऱ्यांनी हिंदू धुळीच्या कणांसारखे विखुरले, आणि म्हणून त्यांना मुसलमानांचा इतका तिटकारा आहे, हेही त्यानेच लिहून ठेवलं. संस्कृत शिकला, पतंजलीचं योगशास्त्र अरबीत नेलं. प्रस्तावनेत म्हणतो, हे खंडन-मंडनाचं पुस्तक नाही, हे लोक स्वतः काय म्हणतात ते मी मांडतो. आणि त्यानंतर आधी काय घेतो? हिंदूंची ईश्वराविषयीची श्रद्धा. एक, अनादि, अनंत, कशासारखाही नाही, त्याच्यासारखं काही नाही. पतंजली आणि गीता यांचे उतारे देत देत त्याने हे लिहिलं आहे. मग सांगतो की जाणत्यांचं आणि सामान्यांचं मानणं प्रत्येक कौमेत वेगळं असतं.

मूर्तीवरच्या प्रकरणात त्याने जे लिहिलंय ते वाचून मी खजील झाले आणि हसलेही. तो म्हणतो, सामान्य माणसाचं मन डोळ्यांना दिसेल त्याच्याकडे ओढ घेतं. एखाद्या अडाणी मुसलमान माणसाला किंवा बाईला पैगंबरांचं किंवा काबाचं चित्र दाखवा, तो आनंदाने त्याचं चुंबन घेईल, गाल घासेल, जणू चित्र नाही तर खरंच पाहतोय.

आमच्या घरी एका ट्रॅव्हल्सवाल्याचं कॅलेंडर होतं, काबाच्या फोटोचं. वर्ष संपलं तरी दादीने ते उतरवू दिलं नाही. खालची तारखांची पानं फाडून टाकली आणि फोटो राहिला. सकाळी उठली की ती बोटं फोटोला लावायची आणि डोळ्यांना लावायची. अब्बा म्हणायचे, अम्मा, कागद है वो. दादी म्हणायची, ‘मेरे कू मालूम नै क्या?’ तिला हजला जाता आलं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या त्या ख्वारज्मच्या पंडिताने, अल्-बिरूनीने, आमच्या दादीला बघून ठेवलं होतं, असंच वाटतं.

दुसरा भेटतो दारा शुकोह, शाहजहानचा थोरला मुलगा. त्याचं वर्णन करताना लोक फार हळवे होतात, मलाही तो मोह होतो. 1657 साली त्याने बनारसचे पंडित आणि संन्यासी बोलावून पन्नास उपनिषदं फारसीत आणली, ‘सिर्र-ए-अकबर’ नावाने. कुरआनात एका ‘किताब-ए-मक्नून’चा, झाकून ठेवलेल्या ग्रंथाचा उल्लेख आहे, तो ग्रंथ म्हणजे उपनिषदंच, असं त्याने प्रस्तावनेत लिहिलं. हे बहुतेक कुठल्याच आलिमला पटणारं नव्हतं. दोन वर्षांत त्याच्या भावाने, औरंगजेबाने, त्याला मारलं. त्यात तख्ताचा भाग किती आणि उपनिषदांचा किती, यावर अजून भांडतात. पण मला दाराच्या त्या संग्रहात सापडलेली गोष्ट सांगायची आहे. वाजसनेयी संहितेचा, म्हणजे यजुर्वेदाचा, हाच 32वा अध्याय त्याने ‘तदेव’ या पहिल्या शब्दाच्या नावाने, एक स्वतंत्र उपनिषद म्हणून घेतला आहे. म्हणजे मी ज्या पानावर अडले होते, त्या पानावर तो साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी बसून होता. आणि त्याने पहिला मंत्र गाळला नाही.

तो अडला मात्र नाही, कारण त्याच्याकडे सूफी विचारवंत इब्न अरबीचा ‘वहदतुल वुजूद’ होता. असणं एकाचंच, बाकी सगळं त्या असण्याची झळक. ज्याला हे मान्य, त्याला ‘तेच अग्नी, तेच सूर्य’ खटकत नाही. सूफी मन्सूर अल्-हल्लाज ‘अनल हक’ म्हणाला, मीच सत्य, आणि 922 साली बगदादमध्ये त्याला सुळी दिलं. आमच्याकडे तुकोबा ‘देव पाहावया गेलों । तेथें देवचि होउनि ठेलों’ म्हणाले. दोन वाक्यांत काय फरक आहे ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

दाराची एक जुळणी मात्र मला जरा जास्तच नीटनेटकी वाटते. ब्रह्मा, विष्णू, महेश म्हणजे जिब्राईल, मिकाईल, इस्राफील, असं तो म्हणतो. मिकाईलकडे पाऊस आणि रोजी, इस्राफीलकडे कयामतचं शिंग, तेव्हा पालन आणि संहार बरोबर बसतात. पण फरिश्त्याला कुणी फूल वाहत नाही, नवस बोलत नाही. फरिश्ता हुकमाचा ताबेदार. शंकराला हुकमाचा ताबेदार म्हटलं तर आमच्या शेजारच्या काकू मला चहा द्यायच्या बंद करतील.

खरी अडचण वेद-उपनिषदांत नाहीच, ती पुढे येते. गीतेत अठराव्या अध्यायात ‘मामेकं शरणं व्रज’ येतं. शरण जाणं, यालाच तर अरबीत इस्लाम म्हणतात! पण ‘माम्’ म्हणतोय कोण? घोड्यांचे लगाम हातात धरलेला, देवकीच्या पोटी आलेला. ‘लम यूलद’ इथे आडवं येतं.

कुरआनात हजरत इसा आणि त्यांची आई मरियम देव नाहीत, याचा पुरावा देताना एक लहानसं वाक्य आहे: ते दोघे अन्न खात असत. बस. ज्याला भूक लागते तो देव कसा? आणि मी वाढले त्या मुलखात देवाच्या देवपणाचा पुरावाच मुळी त्याची भूक. लोणी चोरतो, सुदाम्याचे पोहे हिसकावून खातो, विदुराघरच्या कण्या खातो. जनीबरोबर जात्यावर बसून दळतो. कुरआनातल्या आयतुल कुर्सीत म्हटलंय, त्याला ना डुलकी येते ना झोप. आणि इकडे आषाढी एकादशीचं नावच देवशयनी. देव झोपणार ते थेट कार्तिकीला उठणार. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वराहून निघून नगरावरून जाते. लहानपणी वारकऱ्यांना पाणी द्यायला आम्ही रस्त्याला उभ्या राहायचो, आणि माझ्या मनात यायचं, एवढे लोक चालत जातात आणि नेमका त्याच दिवशी तो झोपतो? एका म्हाताऱ्या माळकऱ्याला मी हे विचारलंही होतं. तो पाणी पिऊन भांडं परत देत म्हणाला, ‘आगं बाये, दमला आसंल.’

माझ्या अकीद्यात, श्रद्धेच्या चौकटीत, या उत्तराला जागा नाही. देव दमत नाही. सहा दिवसांत आकाश-जमीन केली आणि आम्हाला थकवा शिवला नाही, असं सूरह काफमध्ये स्पष्ट आहे. पण देवाचे पाय दुखत असतील अशी काळजी करणारा माणूस शिर्क करतोय, हे मला त्याच्या तोंडाकडे बघून त्या वयात म्हणता आलं नसतं, आणि आताही येत नाही. त्याच सूरह काफमध्ये, थकव्याच्या त्या आयतेच्या थोडं आधी, असंही आहे की आम्ही माणसाच्या गळ्याच्या शिरेहून त्याला जवळ आहोत. इतकं जवळ, पण तरी दळायला बसत नाही.

उलेमांनी याचा निकाल कसा लावला म्हणाल तर एकसारखा लावलेला नाही. मुघल काळातले सूफी आलिम शेख अहमद सरहिंदी, त्यांना एका हिंदू माणसाने, हृदयरामने, राम आणि रहमान एकच ना, अशा आशयाचं विचारलं होतं. त्यांचं उत्तर कडक आहे: राम दशरथाचा मुलगा, लक्ष्मणाचा भाऊ, सीतेचा पती, म्हणजे घडलेला, त्याला घडवणाऱ्याशी एक कसं म्हणायचं? त्यांच्याच नक्शबंदी सिलसिल्यातले, म्हणजे सूफी परंपरेतले, मिर्झा मजहर जानेजानाँ, दिल्लीचे, दीडशे वर्षांनंतर एका पत्रात लिहितात की वेद अल्लाहकडूनच आलेले, हिंदू तौहीद मानतात, आणि त्यांचं मूर्तीसमोर बसणं हे मक्केच्या मुश्रिकांसारखं, म्हणजे शिर्क करणाऱ्यांसारखं, नाही. आमचे सूफी पीराचा चेहरा मनात धरून बसतात, त्याच्याशी ते मिळतंजुळतं आहे. प्रत्येक कौमेत आम्ही पैगंबर पाठवला, काहींची नावं तुला सांगितली, काहींची नाहीत, असं सांगणाऱ्या कुरआनाच्या आयता त्यांच्या पाठीशी आहेत. पीर एकाच साखळीतले आणि उत्तरं दोन. मला सरहिंदींचं तर्कशास्त्र नाकारता येत नाही आणि मिर्झासाहेबांची नजर सोडवत नाही.

आणि आमच्या जिल्ह्यातला श्रीगोंद्याचा संतकवी शेख महंमद? त्याला तर या सगळ्यांहून मोकळं रान मिळालं, कारण तो मराठीत लिहीत होता. ‘शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद.’ अविंध म्हणजे कान न टोचलेला, म्हणजे मुसलमान. तो आपला कान तसाच, न टोचलेला ठेवतो आणि गोविंद आत घेतो. तुकोबांच्या गाथेत ‘अल्ला देवे अल्ला दिलावे’ आहे, ‘अल्ला बिगर नही कोय’ आहे. तौहीदचं इतकं सोपं वाक्य मी मशिदीतही फार ऐकलेलं नाही. ‘आहे’ की ‘केलं’ हा हिशेब त्या दोघांनी मांडलेला दिसत नाही. मी मांडत बसले, कारण मला व्याकरण शिकवलं गेलं.

मामेभावाला मी शेवटी उत्तर पाठवलं. प्रतिमा म्हणजे काय ते लिहिलं, कुफू लिहिलं, पहिले तीनही मंत्र अर्थासकट टाइप केले. दोन निळ्या खुणा आल्या. पंधरा मिनिटांनी मेसेज: ‘आपा, पहला वाला मत भेजो ग्रुप पे. लोग कन्फ्यूज हो जाते.’ मी लिहिलं, मीही झालेय. त्याने हसऱ्या तोंडाचं चित्र पाठवलं.

त्या रात्री इशाच्या नमाजला उभी राहिले. फातिहानंतर जीभ आपोआप इख्लासकडे वळली, अहद, समद, यलिद, यूलद, आणि ‘कुफुवन’वर आल्यावर मनात अरबीच्या जागी ‘न तस्य प्रतिमा अस्ति’ उमटलं, शाळेतल्या चालीत, ‘अस्ति’वरच्या हेलासकट. ओठांवर अरबीच होतं, एवढी खात्री आहे. मनात भलता विचार आला म्हणून नमाज तुटत नाही, हेही माहीत आहे. पण तो भलता होता का, हे मी कुणा मौलानांना विचारलेलं नाही. रुकूत वाकले, सजदा केला, सलाम फिरवला आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद करायला गेले.